थंडी आली म्हणून आजी-आजोबांना खोलीत कोंडू नका

दिवाळी सरली की खान्देशातल्या कुटुंबांच्या आणि वृद्धाश्रमांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. साठीनंतर हिवाळ्यात घराबाहेर पडू नका. पडायचंच असेल तर पहाटेच्या कोवळ्या उन्हात पडा. भरीत, हुरडा, तीळ म्हाताऱ्या पोटाला सोसत नाहीत. ऊब हवी तर दोन चमचे ब्रँडी घ्या, खोलीत शेगडी ठेवा. आणि वृद्धाश्रमांनी सणांचे कार्यक्रम करू नयेत, त्यानं घर आठवून त्रासच होतो; टीव्ही लावून द्यावा.

पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते. पण धुळे-जळगाव भागातल्या वृद्धाश्रमांत माझं नेमानं जाणं-येणं आहे आणि या काळजीचं पुढं काय होतं ते मी पाहते. मुलगा पुण्याहून फोन करतो, "आईला बाहेर काढू नका." व्यवस्थापकही जोखीम नको म्हणून दार लावून घेतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"हिवाळ्यात बाहेर पडू नका."

यातलं खरं आधी मान्य करू. गारठ्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. दम्याचा त्रासही बळावतो. आपल्याकडे काही रात्री पारा 10 अंशांच्या खाली जातो, तेव्हा ही भीती खोटी नाही.

पण ती रात्रीची आणि पहाटेची भीती आहे, दिवसभराची नाही. खान्देशातल्या हिवाळ्यात दहा वाजले की कोरडं, लख्ख ऊन पडतं आणि दुपारी तर स्वेटर काढावासा वाटतो. उलट एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला खरोखरच आत बसावं लागतं. पावसाळ्यात अंगण निसरडं. मग हिवाळाही बंद केला, तर या माणसांनी आभाळ बघायचं कधी?

आत पडून राहण्याचीही किंमत असते. उतारवयात थोडे दिवस अंथरुणाला खिळलं तरी मांड्यांची ताकद झपाट्यानं जाते, तोल ढळतो आणि मग न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडणं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांनुसार पासष्टीपुढच्यांनीही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल करावी, शिवाय तीन दिवस ताकद आणि तोल सांभाळणारे व्यायाम करावेत. जमेल त्यानं जमेल तेवढं.

यासाठी सामान फारसं लागत नाही. दहानंतर कान-डोकं झाकून, मोजे आणि न घसरणारी चप्पल घालून अंगणात फेऱ्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं, मदतनीस शेजारी. आणि माझा सगळ्यात आवडता उपक्रम म्हणजे मेथी-कोथिंबीर. वाफा कमरेइतका उंच करा, म्हणजे वाकावं लागत नाही. हिवाळ्यात मेथी महिन्याभरात काढायला येते. ज्यांचा जन्म शेतात गेला त्यांना रोज सकाळी उठून बघायला काहीतरी मिळतं.

"पहाटेच्या कोवळ्या उन्हातच ड जीवनसत्त्व असतं."

नाही. ते तयार करणारे अतिनील किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेसे पोचतात. अगदी सकाळी ते जवळजवळ नसतात. बंद काचेतूनही ते येत नाहीत, त्यामुळे खिडकीआड बसून काम होत नाही. वय वाढलं की कातडीची ही क्षमता घटते, म्हणून कमतरता असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावीच. पहाट तर दिवसातली सगळ्यात गार वेळ. संदेश ज्या वेळी बाहेर पाठवतो, नेमका तेव्हाच जास्त धोका असतो.

"भरीत, हुरडा, तीळ सोसत नाही."

इथं मला जास्त बोलायचं आहे. खान्देशात हिवाळा जिभेवरून कळतो. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. चातुर्मासात वांगं सोडलेली माणसं पुन्हा वांगं खायला लागतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते वांगं हातात घेऊन कोवळं की जून हे सांगणारी माणसं आज वृद्धाश्रमाच्या खाटांवर बसलेली आहेत.

भरिताचा दिवस ठेवा आणि तो त्यांच्या हाती द्या. कोणी वांगी निवडेल, कोणी कपाशीच्या काड्यांचा जाळ किती हवा ते सांगेल, कोणी लसूण सोलेल, कोणी कांद्याची पात निवडेल. भाकरी कळण्याचीच, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचीच हवी, यावर वाद होईल, होऊ द्या. एरवी दिवसभर एक शब्द न बोलणाऱ्या एका माय, "आसं नही, उलटं धर," असं म्हणत मदतनीस मुलीच्या हातातून वांगं काढून घेताना मी पाहिल्या आहेत. स्मृतिभ्रंशात कालचं विसरतं, पण जुन्या आठवणी आणि हाताला बसलेल्या सवयी पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात.

पथ्य आहेच. मिरची, मीठ, तेल बेतानं. धुराचा त्रास असणारे जाळापासून लांब बसतील. हुरड्याला दादर ज्वारीचं कोवळं कणीस निवडावं, कवळी असलेल्यांना दाणे जरा ठेचून द्यावेत. मधुमेह्यांनी गुळाच्या लाडवाऐवजी तिळाची चटणी खावी. गिळायला त्रास होणाऱ्यांचं डॉक्टरांना विचारावं. एवढं सांभाळलं की बंदी कशासाठी? आणि खाण्याइतकंच पाणी बघा. म्हातारपणी तहान मंदावते, थंडीत तर माणसं पाणी मागतच नाहीत. कोमट पाण्याचा पेला स्वतःहून पुढं करावा लागतो.

"ब्रँडी आणि शेगडी."

दोन्ही धोक्याची. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि शरीराची उष्णता बाहेर जाते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेत जीव जातो. त्यापेक्षा कपड्यांचे दोन-तीन थर आणि एक कानटोपी.

"सण केले की घर आठवतं."

घर त्यांना रोजच आठवतं. कार्यक्रम बंद ठेवून आठवण बंद होत नाही, ती एकट्यानं सोसावी लागते एवढंच. डोळ्यांत पाणी आलं तर शेजारी कोणी असावं.

संक्रांतीचं हळदी-कुंकू ठेवताना मात्र एक गोष्ट पाळा. वृद्धाश्रमातल्या कितीतरी जणी विधवा असतात. सवाष्णींपुरता कार्यक्रम केला तर त्या भिंतीला टेकून बघत राहतात. सगळ्यांना तिळगूळ, सगळ्यांना वाण, कोणालाही वगळायचं नाही. पुरुषांनाही नुसतं बसवून ठेवू नका. मार्गशीर्षातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. ज्यांनी तो जन्मभर पाहिला, त्या आप्पा-नानांना एखाद्या कमी गर्दीच्या दिवशी, उन्हं वर आल्यावर गाडीनं न्या. ज्यांना झेपणार नाही त्यांना जनावर कसं पारखायचं ते सांगायला लावा, एखादा कॉलेजचा मुलगा फोनवर ध्वनिमुद्रित करील. जात्यावरच्या ओव्याही अहिराणीतून अशाच जमवता येतात. गर्दीतून सर्दी-ताप येऊ शकतो हे खरं; त्यासाठी खोकणाऱ्या पाहुण्याला त्या दिवशी थांबवा, आणि फ्लू-न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांशी बोला.

राहिले अंथरुणाला खिळलेले. त्यांची खाट दहानंतर तासभर व्हरांड्यात आणायला दोन माणसं पुरतात. ओव्या, भरिताचा वास आणि वाद त्यांच्यापर्यंत तिथं पोचतात. टीव्ही संध्याकाळी गार वारा सुटल्यावर लावा.