ट्रेन बघून कोणी मेलं नाही, आणि थ्रीडीने डोळेही जात नाहीत

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आलाच असेल. १८९५ साली पॅरिसमध्ये जगातला पहिला थ्रीडी सिनेमा दाखवला, पडद्यातून ट्रेन अंगावर आली म्हणून लोक पळत सुटले, चेंगराचेंगरीत माणसं मेली. मग ५०च्या दशकात लाल-निळे चष्मे लावून हजारोंचे डोळे गेले म्हणून सरकारने थ्रीडीवर बंदी घातली. तर मुलांना थ्रीडी दाखवू नका, पुढे पाठवा. एरवी असलं मी सोडून देतो, पण आमच्या वहिनीने हे वाचून पोरांची तिकिटं कॅन्सल केली, मग म्हटलं आता बास.

आधी ट्रेनचं बघू, कारण सगळ्यात मोठं बंडल तेच आहे. २८ डिसेंबर १८९५ ला सिनेमाची सुरुवात करणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी पॅरिसच्या ग्राँ कॅफेच्या तळघरात तिकीट लावून जो शो केला त्यात ट्रेनची फिल्म नव्हतीच मुळात. छोट्या छोट्या दहा फिल्म्स होत्या आणि पैसे देऊन आलेली माणसं ३३. ३३ माणसांची चेंगराचेंगरी! ट्रेन पडद्यावर आली त्यानंतर, १८९६ मध्ये, आणि ती साधी सपाट, ब्लॅक अँड व्हाइट, मुकी, जेमतेम ५० सेकंदांची. यूट्यूबवर आहे, बघा की एकदा. फ्रान्समधल्या ला सिओता स्टेशनचा प्लॅटफॉर्म, लोक ताटकळत उभे, लांबून इंजिन येतं, तिरकं मोठं होत जातं आणि डाव्या कडेने फ्रेमबाहेर जातं. सरळ तुमच्या अंगावर येतच नाही ते. मग डबे थांबतात, दारं उघडतात, माणसं चढतात उतरतात, संपलं.

मार्टिन लॉयपर्डिंगर नावाच्या जर्मन अभ्यासकाने या पळापळीच्या गोष्टीचा मुळापासून छडा लावलाय, आणि त्याला त्या काळातला एकही धड पुरावा मिळाला नाही, ही दंतकथा नंतर चिकटली असं तो सरळ सांगतो. खुद्द रशियन लेखक मॅक्सिम गॉर्कीने जुलै १८९६ मध्ये रशियात हीच ट्रेन बघून लिहिलंय, की वाटतं आता ही आपल्या अंधारात घुसणार, पण ही तर सावल्यांची ट्रेन. म्हणजे दचकलाय गडी, पण खुर्ची सोडलेली नाही. त्याच महिन्यात, ७ जुलैला, आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये एक रुपया तिकीट लावून ल्युमिएरचा खेळ झाला, त्यातही ट्रेन होती. काळ्या घोड्यापाशी चेंगराचेंगरी झाल्याचं कधी ऐकलंय? उलट लोकांना एवढं आवडलं की पुढे नॉव्हेल्टी थिएटरात खेळ चालू राहिले.

आता एक अर्धसत्य आहे, ते देऊन टाकतो. लुई ल्युमिएरने म्हातारपणी, १९३५च्या सुमारास, तीच ट्रेन परत खरोखर थ्रीडीत शूट करून दाखवली होती. कोणीतरी ४० वर्षांचं अंतर गिळून दोन गोष्टी एकत्र शिजवल्यात.

लाल-निळे चष्मे. रंगीत काचांचे चष्मे होते, पण ते १९२२ मध्ये लॉस एंजेलिसला 'द पॉवर ऑफ लव्ह' हा थ्रीडी सिनेमा दाखवला तेव्हा, आणि नंतर कॉमिक्समध्ये. नोव्हेंबर १९५२ मध्ये 'ब्वाना डेव्हिल'ने थ्रीडीची जी लाट आणली तिच्यात पोलराइड चष्मे होते, दोन्ही काचा करड्या, कारण पिक्चर रंगीत होता, लाल-निळ्या काचांतून त्या रंगांची वाटच लागली असती.

डोकं दुखायचं, हे मात्र मान्य. तेव्हा डाव्या आणि उजव्या डोळ्याची वेगळी रिळं, दोन प्रोजेक्टर एकदम चालवायचे, आणि एका रिळाची दोन फ्रेम तुटून गेली तर ऑपरेटरने दुसऱ्यातल्याही नेमक्या त्याच दोन काढायला हव्यात. तो विसरला की दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या क्षणाचं चित्र, मग डोकं चढणार नाही तर काय. पण डोकं दुखणं वेगळं आणि डोळे जाणं वेगळं. थ्रीडी बघून मुलांच्या डोळ्यांना इजा होते याला काही पुरावा नाही, हे अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या ॲकॅडमीने स्पष्ट सांगितलंय. उलट पोराला थ्रीडीत जवळ-लांबचं अंतर दिसतच नसेल किंवा दरवेळी डोकं धरत असेल तर दोन्ही डोळे नीट जुळून काम करत नसतील, त्याला डॉक्टरकडे न्या. म्हणजे ज्या गोष्टीने डोळ्यांतला दोष वेळेत लक्षात येऊ शकतो तीच लपवा म्हणून हे महाभाग सांगतायत! आणि गंमत बघा, १९५३चा गाजलेला थ्रीडी 'हाउस ऑफ वॅक्स' ज्याने दिग्दर्शित केला त्या आंद्रे द टॉथला एकच डोळा होता, त्याला स्वतःला थ्रीडी दिसायचंच नाही. तो डोळा त्याआधीच गेलेला, नाहीतर तेही थ्रीडीच्या नावावर खपवलं असतं.

राहिली बंदी. असली बंदी कोणी घातली नाही. १९५३च्या सप्टेंबरात सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र आलं, चष्म्याशिवाय भव्य पडदा अशी जाहिरात करत, आणि थेटरवाल्यांना दोन प्रोजेक्टरच्या कटकटीतून सुटायचंच होतं, म्हणून थ्रीडी मागे पडलं. कुठल्या सरकारने बंदी घातली हे मेसेजवाल्यालाही सुचलेलं नाही, नुसतंच 'सरकार'.