रुमकर पर्वतातून धूर निघत नाही

अधूनमधून एक फॉरवर्ड फिरतो: ‘चंद्रावर जिवंत ज्वालामुखी! रुमकर पर्वतावर चीनचं यान उतरलं आणि ताजा लाव्हा घेऊन आलं. चंद्रावरचे सगळे खळगे म्हणजे ज्वालामुखींची तोंडं.’ सोबत धुराचे लोट सोडणारा टोकदार डोंगर.

आधी चित्रच घेऊ. रुमकर ज्वालामुखीतून घडला हे खरं, पण तो टोकदार नाही. सुमारे 70 किलोमीटर पसरलेला आणि भोवतालच्या मैदानापेक्षा जेमतेम किलोमीटरभर उंच असा तो उंचवटा. अंगावर बुटक्या घुमटांची गर्दी. घट्टसर लाव्हा सावकाश बाहेर आला की असे घुमट होतात. पातळ लाव्हा लांबवर वाहून सपाट पसरतो. चंद्रावरचे काळे डाग त्याचेच. धुराचे लोट तरंगायला हवा लागते, ती तिथं नाहीच.

आता चीनचं यान. चांग ई-5 डिसेंबर 2020 मध्ये उतरलं ते रुमकरवर नव्हे, तिथून साधारण दीडशे किलोमीटरवरच्या मैदानात. आणलेल्या 1,731 ग्रॅम मालातला बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. याला ‘ताजा’ म्हणायचं तर सह्याद्रीचा कातळ कालचाच म्हणावा लागेल! गंमत अशी की शास्त्रज्ञांना हाही फारच तरुण वाटला. अमेरिकेच्या अपोलो मोहिमांनी आणलेले बेसाल्ट 300 कोटींच्या पलीकडचे होते. एवढासा चंद्र तोवर निवायला हवा होता, मग उष्णता आली कुठून? उष्णता देणाऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवर संशय होता, पण हा लाव्हा जिथून आला त्या खोल थरात ती विशेष जास्त नव्हती, असं नमुने सांगतात. खरी बातमी ही होती.

खळग्यांबद्दल लांब जायला नको. बुलढाण्यातलं लोणारही एकेकाळी ज्वालामुखीचं तोंड समजलं जाई. ते अवकाशातून आदळलेल्या दगडाच्या आघाताने झालंय. चंद्रावरचे बहुतेक खळगेही तसेच.

कुणी खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलचा दाखला देतं. 1787 मध्ये त्याने चंद्राच्या अंधाऱ्या भागात तीन ज्वालामुखी पाहिल्याचं कळवलं होतं, हे खरंय. पण पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात अ‍ॅरिस्टार्कससारखे मुळातच उजळ खळगे चमकतात. त्याला बहुधा तेच दिसले.

फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने बोलायचं तर एकच गोष्ट आहे. चांग ई-5 च्या मातीतल्या सुमारे 3,000 काचमण्यांपैकी तीन मणी ज्वालामुखीचे, सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वीचे असल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. म्हणजे पृथ्वीवर डायनोसॉर असताना चंद्रावर कुठंतरी थोडाफार उद्रेक झाला असावा. रुमकरवर झाला, असं ते मणी म्हणत नाहीत.

रुमकर बघायचाच असेल तर शुक्ल त्रयोदशीच्या आसपास दुर्बीण चंद्राच्या वायव्य कडेकडे लावा. ऊन तिरपं असतानाच तो ठळक दिसतो. पौर्णिमेला शोधूनही सापडणं कठीण.