पळायचं नाही

"कार्टून बघतेस का?" एवढंच मी विचारलं. चौदा वर्षांच्या लेकीने असं बघितलं, जणू मी किशोरीताईंच्या मैफलीला ऑर्केस्ट्रा म्हणालो होतो. "बाबा, ॲनिमे! आणि हे 'इव्हान्जेलियन' आहे." प्रायश्चित्त म्हणून सगळं बघायची शिक्षा झाली. भाग २६. संवाद जपानी, खाली इंग्रजी पाट्या आणि शेजारी मटार सोलत बसलेली माझी आई. तिला पाट्या वाचता येत नाहीत आणि गप्प बसवत नाही. म्हणजे दुभाष्या मीच.

हिदेआकी आन्नो नावाच्या गृहस्थांनी १९९५ साली दाखवलेलं हे २०१५ साल. टोकियो-३ या शहरावर एकेक अचाट प्राणी चालून येतो. इंग्रजीत त्यांना एंजल म्हणतात, म्हणून मी पंखांची वाट बघत होतो, तर एक जण चक्क निळा अष्टफलक निघाला. भूमितीने दहावीला छळलं तेवढं पुरलं नव्हतं! त्यांच्याशी लढायला इमारतीएवढे यंत्रमानव, आणि ते चालवणारी पोरं १४ वर्षांची. आमच्या घरातलं त्याच वयाचं माणूस दूध उतू जाताना शेजारी उभं असतं.

"रोबो नाहीत ते, बाबा."

"मग काय आहेत?"

"कळेल पुढे."

कळलं नाही.

नायक शिंजी. बापाने त्याला तीन वर्षांनी बोलावून घेतलं, ते थेट लढायला. पोरगं "पळायचं नाही, पळायचं नाही" असं पुटपुटत राहतं. सोफ्यावर माझंही तेच चाललं होतं. बाप चष्मा लावून, तोंडासमोर हात गुंफून बसतो. बोलत काही नाही. "गणिताचे मार्क सांगितले की तू अस्साच बसतोस," लेक म्हणाली. मी हात खाली घेतले.

या यंत्रांच्या पाठीला विजेची जाडजूड वायर असते. ती तुटली की आतल्या बॅटरीवर फार तर ५ मिनिटं. हे मात्र मला झटकन कळलं. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची दोन दिवाळ्यांपासून राहिली आहे.

सहाव्या भागात त्या अष्टफलकाला लांबून टिपायचं ठरतं. बंदुकीला १८ कोटी किलोवॅट लागतात, म्हणून अख्ख्या जपानची वीज तिला जोडतात. रात्री साडेअकरापासून देशभर अंधार, आणि तशी आधी रीतसर घोषणा. आईचा हात मटारच्या शेंगेवर थांबला.

"सांगून घालवतात?"

"हो."

"वेळेसकट?"

"हो गं."

"सुधारलेली माणसं हो!" पुढे तो राक्षस मेला की जगला, यात तिला काडीचा रस उरला नाही.

बावीसाव्या भागात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या राहिल्या. हलेनात, बोलेनात. मी वाट बघितली, बघितली, आणि उठून राउटर बंद करून चालू केला. "बाबाऽऽ! तो सीनच तसा आहे!" जवळजवळ मिनिटभर नुसतं उभं राहणं. शिक्षा म्हणून तो भाग पहिल्यापासून बघावा लागला.

शेवटच्या दोन भागांत लढाई जवळपास नाहीच. शिंजी, एक खुर्ची आणि त्याच्या मनाची उलटतपासणी. मग सगळी मंडळी त्याच्याभोवती गोल उभी राहून टाळ्या वाजवतात, एकेक जण "अभिनंदन" म्हणतो. शाल-श्रीफळ तेवढं राहिलं.

"रिटायर झाला का रे?" आईने विचारलं.

सुटलो म्हणून मी उठलो. "बस खाली," लेक म्हणाली. "तेव्हाही पुष्कळ लोक चिडले होते. म्हणून १९९७चा सिनेमा बघायचा, त्यात वेगळा शेवट आहे. मग २००७ ते २०२१मधले चार."

पळायचं नाही.

सिनेमा लावला. विसाव्या मिनिटाला लाइट गेली. इन्व्हर्टरने टूं केलं. "५ मिनिटं!" लेक किंचाळली. तेवढी त्याने इमानाने भरली आणि मान टाकली. काळोखात आईचा आवाज आला, "बघ. न सांगता."