झटपट सारग्राही कसे व्हावे

परवा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावरचा एक निबंध हाती आला. त्यातलं पहिलंच वाक्य: 'सारग्राही परंपरा म्हणजे प्रत्येक दर्शनातलं चांगलं तेवढं घेणं.' संपली परंपरा! असे निबंध तुम्हालाही पाडता येतील.

सुरुवात सारग्राही पंथ काढणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या पोटॅमोनपासून करा. ग्रीक तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लार्टियसनं त्याच्यावर दोन-चार ओळीच लिहिल्यात, म्हणजे उलटतपासणीची भीती नाही.

रोमन स्टोइक सेनेका पत्रांत विरोधी पंथाच्या एपिक्युरसची वचनं देतो, त्यालाही यादीत घाला. 'शत्रूच्या गोटात मी फितूर म्हणून नाही, हेर म्हणून जातो', असं तो क्रमांक दोनच्याच पत्रात सांगतो. ते पत्र गाळा.

मग प्लेटोच्या परंपरेतला अँटायोकस, हा तर हक्काचा. जुनी अकादमी (प्लेटोचा पंथ), अ‍ॅरिस्टॉटलपंथी आणि स्टोइक यांच्यात भेद मुख्यतः शब्दांचा, असं तो म्हणाला. एवढं उतरवून 'केवढा हा समन्वय!' म्हणा. पुढचं झाका. स्टोइकांच्या मते सद्गुण हेच एकमेव शुभ. अ‍ॅरिस्टॉटलला आरोग्य, मित्र, थोडी संपत्तीही लागते. अँटायोकसनं सांधा जुळवला: सद्गुणानं माणूस सुखी होतो, पण परमसुखी व्हायला बाकीचंही हवं. 'दे फिनिबुस' या ग्रंथाच्या पाचव्या भागात रोमन लेखक सिसेरोनं नेमका तोच सांधा उचकटला. वेदना खरोखर अशुभ असेल, तर ती भोगणारा ज्ञानी सुखी कसा? स्टोइक निदान स्वतःशी सुसंगत तरी आहेत! हा वाद वाचायला तासभर लागतो हो, फार नाही. पण नाही! या निबंधवाल्यांना स्टोइकांची निश्चिंती हवी आणि एपिक्युरसचीही. पहिली उभी आहे ती दैवी विवेक विश्व चालवतो म्हणून. दुसरी, देव जगात लक्षच घालत नाहीत म्हणून. उपदेश सारखा दिसला की आधार उपटून फेकायचा, आणि याला म्हणे व्यापक दृष्टी!

सारग्राही म्हणवणारा फ्रेंच तत्त्वज्ञ व्हिक्टर कूझँ 1840 मध्ये फ्रान्सचा शिक्षणमंत्री झाला, त्याच्या पंथाला सरकारी वजन होतं, हे तर लिहूच नका.

अहो, निवडणाऱ्यांकडे निकष होता! अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती विचारवंत क्लेमेंटचा: ईश्वरनिष्ठ ज्ञानासह न्याय शिकवतं ते. 1755 मध्ये फ्रेंच विश्वकोशात त्याचा संपादक दिदरोनं मांडलेला: परंपरेची, अधिकाराची भीड न ठेवता स्वतःच्या अनुभवाला आणि बुद्धीला पटतं ते. दोन्ही एकमेकांच्या उरावर बसतील, पण उघड मांडलेले आहेत. तुमचा कुठला? 'चांगलं ते'? कशावरून चांगलं, कुणासाठी, आणि त्याच्यामागची गृहीतकं कुठे टाकलीत? आधी तेवढं लिहा. मग पाठवा निबंध.