दहा मिनिटांत डोंगर

इथे कॅनडात रविवारची सकाळ उजाडते तेव्हा पुण्यात संध्याकाळचा चहा होऊन गेलेला असतो आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कंठ फुटलेला असतो. गेल्या रविवारी विषय होता राजगडाचा रोपवे. हा प्रस्ताव अधूनमधून वर येतो, ट्रेकवाले विरोध करतात, मग काही दिवस सगळं शांत. पण जुलै 2025 मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला आणि तेव्हापासून आमच्याकडे दोन्ही बाजूंना जास्तच जोर चढलाय.

बाबांचं म्हणणं ठरलेलं: गड पायांनी चढायचा असतो, चढवत नसेल त्याने पायथ्यावरून नमस्कार करावा. यावर दोन्ही गुडघे बदललेली मावशी लिहिते, "अहो भावोजी, म्हणजे आम्ही गड कॅलेंडरवरच बघायचा का?" दादाला गुंजवण्याच्या आणि पालीच्या पोरांच्या रोजगाराची काळजी, तो स्वतः राजगडावर शेवटचा गेला बारावीच्या सुट्टीत. आणि मग कुणीतरी हमखास टाकतं ते वाक्य आलंच: "परदेशात बघा निसर्ग कसा जपतात. सांग गं यांना!"

मी काही सांगितलं नाही. कारण मी तेव्हा ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या रेव्हलस्टोक गावात मोटेलच्या खोलीत दंडाला मलम लावत बसले होते. आदल्या दिवशी हेलिकॉप्टरने डोंगरमाथ्यावर जाऊन सायकलवरून खाली आले होते.

याला इथे हेलि-बायकिंग म्हणतात. माथ्यावरचं बर्फ वितळलं की सप्टेंबरात पुन्हा पडेपर्यंतचे दोन-अडीच महिने हा धंदा चालतो. ऑफिसातल्या चौघांनी वर्षभर आधी बेत ठरवला होता, त्यातला एक गळला आणि त्याच्या जागी मी गेले. पैसे किती मोजले ते घरी सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. किराण्याच्या हिशेबात बसणारी गोष्ट नव्हे ती.

सकाळी सहा वाजता एका मोकळ्या पटांगणात आमची वजनं केली. पायलटला आकडा लागतो, त्यामुळे तो सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचतात. लाजायची सोय नाही. सायकलींची पेडल काढली, हँडल वळवली आणि बाहेरच्या रॅकला त्या बांधल्या. अस्वलासाठी प्रत्येकाकडे तिखटाचा स्प्रे असतो, तो काढून घेऊन बाहेरच्या पेटीत ठेवला, कारण आत एखादा फुटला तर पायलटला दिसायचंच बंद होईल. पाती फिरत असताना शेपटीकडून जायचं नाही, पुढून, वाकून, पायलटच्या नजरेत राहून जायचं, हे आमच्या गाइडने तीनदा सांगितलं आणि आमच्याकडून वदवून घेतलं. मग दहा मिनिटं. खाली देवदारांचं जंगल, त्यावर खुरटी झाडं, त्यावर नुसतं गवत आणि दगड. तिथे आम्हाला उतरवून हेलिकॉप्टर गेलं. आम्ही सायकलींवर आडवे पडून धूळ खात होतो. आवाज दरीत विरला तरी कान वाजतच राहिले.

खाली उतार होता जवळजवळ 2000 मीटरचा. सिंहगडाची आतकरवाडीची वाट एकाखाली एक तीनदा जोडली तर होईल, तेवढा.

पण मला सांगायचंय ते उताराचं नाही. उतरलो तिथून शे-दोनशे पावलांवर, एका तळ्याच्या काठी, दोन छोटे तंबू होते. सावलीत असल्यामुळे वरून दिसले नसावेत. सत्तरीच्या आसपासचं एक जोडपं स्टोव्हवर कॉफी करत होतं. पाठीवर सामान घेऊन दोन दिवस चढून आले होते. बाईंनी हेलिकॉप्टरची धूळ पडू नये म्हणून कपावर पंजा धरला होता, आणि आम्ही जवळ गेलो तरी तो काढला नाही. गाइडने माफी मागितली. बाई गोड हसून म्हणाल्या, "आज लवकर उठलात वाटतं." पुण्याबाहेर इतकं अचूक मारलेलं वाक्य मी गेल्या अठरा वर्षांत ऐकलेलं नाही. तिथल्या तिथे मला बाबा आठवले.

बाबा रोज सकाळी कांचन गल्लीतून वेताळ टेकडीवर जातात. तिथे अलीकडे माउंटन बाइकवाली मुलं येतात, पायवाटेवरून भन्नाट उतरतात, आणि बाबांचा तोल जातो. कधी शब्दांचा, एकदा खरोखरचा. त्या मुलांबद्दल ते बोलतात त्याच सुरात त्या बाई बोलल्या. गंमत अशी की मीही याच टेकडीवर सायकल शिकले. दादाची हीरो रेंजर चोरून नेत असे, म्हातोबाच्या देवळाकडून ढकलत वर आणि खाणीच्या बाजूने जीव मुठीत धरून खाली. त्या वेळी कुणी ओरडलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

उतरताना पहिल्याच वळणावर मी मागचा ब्रेक करकचून दाबला आणि चाक घसरत नेलं. गाइडने सगळ्यांना थांबवलं. मातीत हातभर लांबीची रेघ उमटली होती. तो खाली बसला, बोट त्या रेघेत फिरवलं आणि म्हणाला, "बर्फ वितळलं की पाणी हाच रस्ता धरेल." बाजूला हीदरची घोट्याइतकी झुडपं होती. इथला उन्हाळा इतका तोकडा की ती उखडली तर भरून यायला दशकं जातात. पुढे वाटेत ओल होती, तिथे त्याने सायकली उचलून खडकांवरून न्यायला लावल्या. टेकडीवर चार महिने पाऊस झोडपतो, सायकलीने पडलेली घळ दरवर्षी रुंद होताना बाबांनी पाहिली आहे. ते तिला "कार्ट्यांची नदी" म्हणतात. इथे तीच गोष्ट मला एका कॅनेडियन पोराने डॉलर घेऊन शिकवली.

खाली पोचल्यावर त्याने ट्रकमधून एक वही काढली, तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं: 4. म्हणजे आम्ही. हा डोंगर सरकारी जमीन आहे (या प्रांतातली 94 टक्के जमीन तशीच), कंपनीला तो परवान्यावर मिळतो, आणि माणशी-दिवशी पैसे सरकारजमा करावे लागतात. म्हणून कोण, किती, कधी, हे लिहून ठेवावं लागतं. पांढऱ्या पहाडी बकऱ्या दिसल्या तर हेलिकॉप्टरने दीड किलोमीटर लांब राहायचं, अशी मार्गदर्शक सूचना आहे. घरघर ऐकून त्या कड्यांवरून सैरावैरा धावतात, पिल्लं मागे राहतात.

आता लगेच "बघा, परदेशात!" म्हणू नका. असलं हेलिकॉप्टर तासाला पावणेदोनशे लिटरच्या आसपास इंधन पितं. आमची वर-खाली एक फेरी वीस मिनिटांची धरली तर अ‍ॅक्टिव्हाच्या दहा-अकरा टाक्या, कशासाठी, तर चार माणसांनी चढ टाळून उतार भोगावा म्हणून. या भागातली डोंगरी कॅरिबू हरणं आधीच संकटात आहेत आणि हिवाळ्यात हेलिकॉप्टरने स्कीइंगला नेणाऱ्यांना त्यांच्यासाठी काही डोंगर सोडावे लागतात. हे स्कीइंगही इथलंच: ऑस्ट्रियातून आलेल्या हान्स ग्मोझरने 1965 मध्ये इथल्या बुगाबू पर्वतांत ते सुरू केलं. उलट फ्रान्सने 1985 च्या पर्वत कायद्याने मौजेसाठी माणसं डोंगरावर उतरवणं बंद करून टाकलं. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरात उतरायच्या ठरावीक 40 जागा आहेत. कॅनडाकडे जागा अफाट म्हणून परवाने सढळ, त्यात फार मोठं शहाणपण आहे असं मला वाटत नाही. त्या बाईंच्या कॉफीचं पान कुठल्याच वहीत नव्हतं.

तरीही वही होती, आणि माझं घोडं तिथेच अडलंय. आमच्याकडचा वाद सुरू होतो तो लायकीवरून. गड कष्टाने मिळवायचा की सोयीने? मला हा प्रश्नच पटेनासा झालाय. आजी 1998 मध्ये रायगडावर रोपवेने गेली, तेव्हा दोन वर्षांचा होता तो रोपवे. चार मिनिटांत वर. समाधीपाशी तिने मातीला हात लावून कपाळाला लावला. तिची भक्ती बाबांपेक्षा कमी होती असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. आणि बाबा? रोपवेला शिव्या घालणारे आमचे बाबा 2019 मध्ये तिथल्या फाटा गावाहून हेलिकॉप्टरने केदारनाथला जाऊन आलेत. ग्रुपवर त्यांचा पाळण्यात बसल्यासारखा हसरा फोटो आहे. त्याच मार्गावर 15 जून 2025 ला गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले, त्यात आपल्याकडचंही एक कुटुंब होतं. तेव्हापासून बाबा तो विषय काढत नाहीत.

मग विरोध कशाला करायचा? वर एका दिवसात किती माणसं मावतात, हे कुणी लिहून दिलेलं नसताना खांब रोवायला. पद्मावती माचीवर पाणी किती, संडास किती, सुवेळा माचीची अरुंद वाट किती पायांची? हा आकडा आधी, तारा नंतर. आकडा मोठा निघाला तर मावशी जाऊ दे, मी तिकीट काढून देईन. लहान निघाला तर तो चढून येणाऱ्यांनाही लागू हवा, हे मात्र ट्रेकवाले ऐकून घेत नाहीत. पावसाळ्यातल्या शनिवारी गडाच्या वाटेवर लागलेली रांग रोपवेने आणलेली नसते.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. कासला दिवसाला 3000 माणसं, आधी नाव नोंदवून, हे चाललंय. सिंहगडावर मे 2022 मध्ये खासगी गाड्या बंद करून ई-बस सोडल्या. बस कमी, चार्जिंगची बोंब, रांगा. पंधरवड्यात प्रयोग गुंडाळला. गाड्यांकडून आपण घेतो ते "उपद्रव शुल्क". इतका प्रामाणिक शब्द कॅनडाच्या सरकारला सुचलेला नाही, पण पावती फाडून झाल्यावर वर गाड्या फार झाल्या म्हणून खालचा नाका बंद झाला, असं माझ्या नशिबी कधी आलं नाही. घाटात अडकून बसणं मात्र आलंय.

हे सगळं मी बुधवारी बाबांना फोनवर सांगितलं, हेलिकॉप्टरसकट. ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "इंधन किती म्हणालीस?" मी सांगितलं. "आणि त्या बाई दोन दिवस चालल्या?" हो म्हटलं. "तू त्यांना काय म्हणालीस?" काही नाही, हेल्मेट घातलं. "हं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

काल ग्रुपवर एक फोटो आला. दुधाच्या हिशेबाच्या जुन्या वहीचं पान, बाबांचं ठसठशीत अक्षर. वेताळ टेकडी, स. 6.15 ते 7.45. चालणारे 212. सायकली 19, त्यातल्या उतरताना घंटी वाजवणाऱ्या 2. खाली कंसात: कुत्री वेगळी मोजली आहेत.

मावशीने विचारलंय, बसून मोजलंत की उभं राहून?