खोबरेल तेल लावून केसांना इस्त्री? थांबा जरा

लग्नसराई आली की केस सरळ करण्याबद्दलचा एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. त्यातले दावे असे: स्ट्रेटनर फिरवण्याआधी केसांना खोबरेल तेलाचा हात लावा, तेच नैसर्गिक कवच. बाजारातली सीरम सिलिकॉनची, म्हणजे प्लास्टिकची, त्यानं केस गुदमरतात. शाम्पू सल्फेट-फ्रीच, म्हणजे फेस आणणारी सल्फेट रसायनं नसलेलाच हवा. आणि इतकं करूनही केस जळले, तर केराटिनचा, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याचा मास्क ते पुन्हा जोडतो.

आधी तेलाचं बघू, कारण त्यात निम्मं खरं आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलानं केसांतल्या प्रथिनांची झीज कमी झालेली दिसली. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाला ते जमलं नाही. (पॅराशूट विकणारी कंपनी हीच, तेव्हा चिमूटभर शंका ठेवाच.) खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, म्हणून न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावणाऱ्या आज्या चुकत नव्हत्या. पण त्या अभ्यासातून तापलेल्या पट्टीपासून संरक्षण सिद्ध होत नाही. घाण्याचं खोबरेल १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास धुरावू लागतं आणि बरेच स्ट्रेटनर २०० च्या पुढे जातात. शिवाय तेलकट बटा एकमेकींना चिकटतात, नीट सरळ होत नाहीत, मग तीच बट चार-चार वेळा पट्टीत ओढली जाते. तेल लावा, पण धुण्याआधी.

सिलिकॉननं केस गुदमरतात म्हणे. टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो श्वासच घेत नाही. सीरममधली डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन ही सिलिकॉनं केसावर पातळ थर देतात. त्यानं घर्षण कमी होतं आणि उष्णता जरा सावकाश आत जाते. पूर्ण अडत नाही, हेही खरं. म्हणजे मेसेज ज्या बाटलीला शिव्या देतो, नेमकी तीच इथे उपयोगाची. पातळ केस त्यानं चपटे दिसतात, तेवढी तक्रार रास्त आहे.

सल्फेट-फ्री शाम्पू राठ केसांना सौम्य पडतो, पण सक्तीचा नाही. भरपूर तेल आणि सीरम वापरून फक्त सौम्य शाम्पू लावला, तर थर साचतो. मग अधूनमधून नेहमीचा शाम्पू लागतोच.

केराटिनच्या मास्कमधले प्रथिनांचे तुकडे केसाला वरून चिकटतात, मऊपणा देतात आणि धुण्याबरोबर जातात. फाटे फुटलेला केस जोडत नाहीत. तिथे कात्रीच. पार्लरमधलं केराटिन किंवा स्मूदनिंग, म्हणजे रसायन लावून केस सरळ करणं, हे मात्र वेगळंच प्रकरण. तिथे ‘फॉर्मल्डिहाइड (एक घातक रसायन) नाही’ एवढं ऐकून निश्चिंत होऊ नका. ग्लायऑक्सिलिक आम्लाचं क्रीम लावून केस सरळ केल्यावर एका तरुणीच्या मूत्रपिंडांना पुन्हा पुन्हा इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. क्रीममध्ये काय आहे, हे लावण्याआधी विचारा.

मला जास्त खटकतं ते मेसेजमध्ये नसलेलं: पाणी आणि तापमान. ओलसर केसावर पट्टी फिरली की आतल्या पाण्याची वाफ होते, केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथूनच तुटतो. त्याला १२५ अंशांवरचं एक मिनिटही पुरतं. ‘चर्र’ आवाज आला तर समजा, केस अजून ओले आहेत. म्हणून उष्णतेपासून बचावाचा पाण्यासारखा स्प्रे धुतलेल्या ओल्या केसांवर मारायचा, केस पूर्ण वाळवायचे आणि मगच स्ट्रेटनर हातात घ्यायचा. तापमान मध्यम, एका बटेवर एकच सावकाश फेरी. ज्या स्ट्रेटनरवर तापमानाचा आकडाच नाही, तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात केस संध्याकाळपर्यंत पुन्हा वळले, तर सीरमला दोष देऊ नका. पट्टीनं केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे पाण्यानं सुटणारे कच्चे जोड, तेवढे मोडून नव्यानं बसतात आणि दमट हवेत ते परत जुन्या वळणावर जातात. सीरमनं तो वेळ थोडा लांबतो. अशा दिवशी सरळ वेणी घालावी.