न्यूयॉर्क मॅरेथॉन एकट्या लेबोची नाही

धावणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर पुन्हापुन्हा येत असतो. गोष्ट न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या जन्माची. सारांश असा: १९७० पर्यंत त्या शहराला मॅरेथॉन ठाऊक नव्हती, फ्रेड लेबो नावाच्या एका झपाटलेल्या माणसाला कल्पना सुचली, त्याने शहराच्या पाचही बरोंमधून, म्हणजे विभागांमधून, शर्यत काढली आणि हजारो लोक लोटले, बायकांना पहिल्या दिवसापासून पुरुषांच्या बरोबरीने धावू दिलं, महापालिकेने तिजोरी उघडून दिली. शेवटी ‘एकटा माणूस शहर बदलू शकतो’ हे वाक्य आणि हात जोडलेली इमोजी.

लेबो हे नाव खरं आहे आणि १९७० हे सालही. बाकीचं एकेक करून पाहू.

‘शहराला मॅरेथॉन ठाऊक नव्हती.’ चांगली ठाऊक होती. ऑलिंपिकमधली पहिली मॅरेथॉन अथेन्सला एप्रिल १८९६ मध्ये झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निकरबॉकर ॲथलेटिक क्लबने शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या स्टॅमफर्डपासून न्यूयॉर्कपर्यंत सुमारे २५ मैलांची शर्यत घेतली. ती जॉन मॅकडर्मॉटने जिंकली आणि पुढच्या एप्रिलमध्ये बॉस्टनची पहिली मॅरेथॉनही त्यानेच जिंकली. म्हणजे सगळे जिला थोरली मानतात त्या बॉस्टनपेक्षा न्यूयॉर्कची ही शर्यत काही महिन्यांनी मोठी. ती पुढे दरवर्षी भरली नाही, हे खरं. पण १९५९ पासून शहराच्याच ब्रॉन्क्स या बरोमध्ये चेरी ट्री मॅरेथॉन होत होती. फेब्रुवारीत, जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीच्या सुमारास, गारठ्यात आणि चालू रहदारीतून वाट काढत. लेबो स्वतः ती धावला होता. १९७० मध्ये मॅरेथॉन अशा रस्त्यांवरून सेंट्रल पार्क या शहरातल्या मोठ्या बागेत आली, कारण तिथले रस्ते रविवारी मोटारींना बंद असत. जागा बदलली, वेळ बदलली; मॅरेथॉन काही नव्याने जन्मली नाही.

‘एकट्याची कल्पना.’ १३ सप्टेंबर १९७० च्या त्या शर्यतीचे आयोजक दोन होते, लेबो आणि व्हिन्सेंट चियापेटा. दोघांच्या मागे न्यूयॉर्क रोड रनर्स हा क्लब होता. तो १९५८ मध्ये स्थापन झाला आणि त्याचा पहिला अध्यक्ष होता टेड कॉर्बिट. हे नाव त्या मजकुरात कुठेच नाही, आणि मला राग येतो तो इथे. कॉर्बिट म्हणजे गुलामांचा नातू, पेशाने फिजिओथेरपिस्ट, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधला मॅरेथॉनपटू. शर्यतीचं अंतर नेमकं कसं मोजायचं यावर त्याने १९६४ मध्ये पुस्तिका लिहिली. आधी पक्क्या मोजलेल्या अंतरावर सायकल चालवून चाकाचे किती फेरे होतात ते बघायचं, मग तीच सायकल शर्यतीच्या मार्गावरून न्यायची आणि फेऱ्यांवरून अंतर काढायचं. काम किचकट आणि कंटाळवाणं, टाळ्या मिळवून देणारं तर अजिबात नाही. पण ते नीट झालं नाही तर काय होतं, हे याच न्यूयॉर्कला कळलं. १९८१ मध्ये अल्बर्तो सालाझारने २:०८:१३ वेळ दिली, जागतिक विक्रम म्हणून गाजावाजा झाला, आणि पुढे फेरमोजणीत मार्ग सुमारे दीडशे मीटर कमी भरला. विक्रम गेला.

‘पाचही बरोंमधून, हजारो लोक.’ १९७० चे आकडे असे: नावं नोंदवली १२७ जणांनी, अंतिम रेषा गाठली ५५ जणांनी. प्रवेश फी एक डॉलर. सगळा मार्ग एकाच बागेत, फेऱ्या मारत. जिंकला गॅरी मर्क नावाचा अग्निशमन दलाचा जवान, २ तास ३१ मिनिटांत, आदल्या रात्रीची ड्यूटी करून. बक्षिसं म्हणजे स्वस्तातली घड्याळं आणि दुसऱ्या खेळांच्या जुन्या ट्रॉफ्या. लेबो स्वतःही धावला आणि ५५ जणांत ४५ वा आला. चार तास बारा मिनिटं. (आयोजकाने आपल्याच शर्यतीत घाम गाळून मागून अकरावं येणं मला तरी त्या प्रेरणादायी मजकुरापेक्षा जास्त आवडतं.)

१९७५ पर्यंत शर्यत त्या बागेतच राहिली. पाच बरोंचा आग्रह होता जॉर्ज स्पिट्झ या धावपटूचा. १९७६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं द्विशताब्दी वर्ष. त्या निमित्ताने शर्यत सगळ्या शहरातून न्यावी, असं त्याने लावून धरलं. मॅनहॅटनचा बरो अध्यक्ष पर्सी सटन याला ते पटलं. आणि लेबो? तो सुरुवातीला राजी नव्हता. एवढा खर्च, एवढे पूल, इतक्या चौकांतली रहदारी थांबवायची, हे सगळं कोण निभावणार? शंका रास्त होती. म्हणजे ज्या कल्पनेचं श्रेय मजकुराने त्याला दिलं, तिला आधी नको म्हणणाऱ्यांत तोच होता. शिवाय हा बेत तेव्हा एका वर्षापुरताच होता.

२४ ऑक्टोबर १९७६ ला स्टेटन आयलंडहून सुमारे दोन हजार जण सुटले. ब्रॉन्क्सच्या वाट्याला त्या वर्षी फार काही आलं नाही: पूल ओलांडायचा, एका खांबाला वळसा घालायचा आणि परत मॅनहॅटनमध्ये. ‘पाचही बरो’ म्हणता यावं एवढ्यापुरतं. बिल रॉजर्स २:१०:१० मध्ये जिंकला, फ्रँक शॉर्टर दुसरा आला, महिलांत मिकी गॉर्मन पहिली.

आता बायकांचा मुद्दा. मजकुरातलं सगळ्यात खोटं वाक्य हेच, आणि त्यामुळे झाकली जाणारी गोष्टही सगळ्यात मोठी. १९७० मध्ये धावायला उभी राहिलेली बाई एकच होती, नीना कुसिक. तब्येत बिघडल्याने तिला शर्यत अर्धवट सोडावी लागली. पुढच्या वर्षी बेथ बॉनर २:५५:२२ मध्ये आणि नीना २:५६:०४ मध्ये आली. बायकांना हे अंतर झेपत नाही म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर काय द्यायचं? तरीही देशातल्या ॲथलेटिक्सची सूत्रं हातात असलेल्या ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियनचा हेका कायम होता: मॅरेथॉन धावा हवं तर, पण पुरुषांबरोबर सुटायचं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७२ ला ठरलं की बायकांनी दहा मिनिटं आधी निघायचं.

१ ऑक्टोबर १९७२. बायकांसाठी इशारा झाला आणि सहाही जणी आरंभरेषेवर खाली बसल्या. हातात फलक, त्यातल्या एकावर युनियनला उद्देशून लिहिलेलं, हे १९७२ साल आहे, जागे व्हा. दहा मिनिटांनी पुरुषांचा इशारा झाला तशा उठल्या आणि त्यांच्याबरोबर धावल्या. शिक्षा म्हणून त्यांच्या वेळेत दहा मिनिटं वाढवली गेली. महिलांत पहिली आली ती नीनाच. लेबो या बायकांच्या बाजूने होता, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. पण बाजूने असणं वेगळं आणि रेषेवर बसणं वेगळं. ‘बरोबरीने धावू दिलं’ या क्रियापदातच खोट आहे. कुणी दिलं नव्हतं, त्यांनी घेतलं. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन यायला तर १९८४ उजाडलं.

‘पालिकेने तिजोरी उघडली.’ १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. तिजोरीत होतं काय उघडायला? १९७६ च्या शर्यतीचा आधार होता बांधकाम व्यवसायातल्या रूडिन कुटुंबाने वडील सॅम्युएल रूडिन यांच्या स्मरणार्थ दिलेले २५,००० डॉलर. पालिकेकडून मिळाली ती परवानगी आणि पोलीस. तीही मोठी गोष्ट होती, पण ती तिजोरी नव्हे. उलट विजेत्या रॉजर्सची गाडी त्या दिवशी चुकीच्या जागी लावली म्हणून उचलून नेली गेली.

मग लेबोचं काय उरलं? पुष्कळ. लोकांपुढे शर्यत कशी मांडायची, हे त्याच्याइतकं तेव्हा कुणालाच कळत नव्हतं. तयार कपड्यांच्या धंद्यातला हा माणूस प्रसिद्धीसाठी काहीही करायचा. १९७२ मध्ये केवळ बायकांसाठी घेतलेल्या छोट्या शर्यतीच्या जाहिरातीला त्याने प्लेबॉय क्लबच्या बनी, म्हणजे सशाच्या वेशातल्या वेट्रेस, उभ्या केल्या होत्या, हे त्याच्या भक्तांनी जरूर वाचावं. १९७६ चा तो एका वर्षाचा बेत त्याने दरसालचा केला. १९७८ मध्ये नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ त्याच्या बोलावण्यावरून आली. ट्रॅकवरची धावपटू, तोवर एकही मॅरेथॉन न धावलेली. तिने २:३२:३० मध्ये जगातली सर्वोत्तम वेळ नोंदवली, आणि पुढे एकूण नऊ वेळा ही शर्यत जिंकली. १९७९ मध्ये ती पूर्ण करणाऱ्यांचा आकडा दहा हजारांवर गेला. मजकुरातली गर्दी खऱ्या अर्थाने दिसते ती इथे, पहिल्या शर्यतीनंतर नऊ वर्षांनी. त्या गर्दीत क्रिस ब्रॅशर आणि जॉन डिसली हे दोन ब्रिटिश होते. परत जाऊन ते कामाला लागले, आणि २९ मार्च १९८१ ला लंडनने आपली मॅरेथॉन घेतली.